टायटॅनियमशेजारचा उंचवटा

माझा राग नाकावरच असतो. आमच्या फिजिक्स विभागात नवीन माणूस आला की चहाच्या आधी त्याला हीच माहिती मिळते. शिकवून शिकवून सुकन्या म्याडम तापट झाल्या, असं पोरं म्हणतात. साफ खोटं. मी जन्मतःच अशी आहे, आणि माझी आई रत्नम्मा तर माझ्याहून चार पावलं पुढं होती. पण त्या रविवारी जे झालं, त्यात राग नेमका कुणावर काढायचा तेच मला उमजेना. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

त्या दिवशी सकाळी अश्वजित पेढे घेऊन घरी आला. अश्वजित माझा पीएचडीचा विद्यार्थी, जळकोटचा. आई सरजाबाई तिथं अंगणवाडी सेविका. पोरगं हुशार, कामाला वाघ, आणि बोलायला इतकं कमी की सुरुवातीला मला वाटायचं, याला मी आवडत नाही. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं त्याला कळवलं होतं की तुमचं काम पाहिलं, दोन वर्षांसाठी आमच्याकडं या. बुधवारी ऑनलाइन भाषण द्यायचं, ते प्रश्न विचारणार, आणि मग पक्कं. पण पत्राचा सूर असा होता की पक्कंच समजा. सरजाबाईनं म्हणे अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

हे सगळं एका उंचवट्याच्या जोरावर. आता हा उंचवटा म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर पुढं काय हातचं गेलं ते कळायचं नाही. घाबरू नका, मी परीक्षा घेत नाही.

अणूच्या पोटात, केंद्राला अगदी चिकटून, दोन इलेक्ट्रॉन बसलेले असतात. त्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. लोखंड गंजतं, लाकूड जळतं, ती सगळी भानगड बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. पण अश्वजितनं प्रयोग केला त्या दिल्लीच्या मोठ्या यंत्रातून सिलिकॉनचा जड आयन वेगानं सोडला आणि तो पातळ पत्र्यावर आदळला, की तो थेट आत घुसतो आणि त्या दोघांतल्या एकाला उडवून लावतो. आत जागा रिकामी होते. ती रिकामी राहत नाही. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन लगोलग खाली उतरतो आणि ती जागा धरतो. उतरताना जी ऊर्जा उरते ती एक्स-रे होऊन बाहेर पडते. प्रत्येक मूलद्रव्याचा एक्स-रे आपापला, टायटॅनियमचा वेगळा, तांब्याचा वेगळा. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण आलं ते ओळखावं, तसे आम्ही त्यावरून अणू ओळखतो.

कधी कधी मात्र उतरणारा इलेक्ट्रॉन सगळी ऊर्जा एकटाच उधळत नाही. थोडी शेजाऱ्याच्या हातावर ठेवतो. तो शेजारी तेवढ्या बळावर अणू सोडून निघून जातो आणि उरलेली ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर येते. साहजिकच हा एक्स-रे जरा कमी ताकदीचा. म्हणून आलेखात टायटॅनियमचा उंच सुळका, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक बुटका उंचवटा दिसायला पाहिजे. पुस्तकांप्रमाणे इतका बुटका, की शोधावा लागतो. अश्वजितच्या आलेखात तो चांगला ठसठशीत होता. त्यानं गणित मांडलं की जड आयनाच्या धडकेनं आतली सगळी घडीच विस्कटते, आणि म्हणून हा वाटून घेण्याचा प्रकार वाढतो. जर्मनीच्या लोकांना नेमकं तेच आवडलं होतं. त्याच्या पीएचडीचा मुख्य भाग त्या उंचवट्यावर उभा होता आणि परदेशची जागाही.

तर पेढे. पहिला पेढा त्यानं अप्पांच्या हातावर ठेवला. अप्पा म्हणजे माझे वडील, मडिवाळप्पा. लातूरला गोलाईच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. आई गेली, गुडघ्यांनी दगा दिला, दुकान देऊन टाकलं आणि मी त्यांना नांदेडला माझ्याकडं घेऊन आले. आल्यापासून ते रिकामपणानं नुसते तडफडत होते. मग त्यांना अश्वजित सापडला. चार वर्षं झाली, तो दारात आला की "जय भीम, अप्पा" म्हणणार आणि अप्पा "शरणु, ये बाबा" म्हणणार. दोघांनीही आपापलं सोडलं नाही, आणि ते कुणाला खटकलंही नाही. तो त्यांचा मोबाइल नीट करून द्यायचा, ते त्याला सकाळचं चुरमुऱ्यांचं सुशीला ताट भरून खायला लावायचे. चुरमुरे कधी जास्त झाले तरी माझ्या वाट्याला यायचे नाहीत.

"लई गोड हाय," अप्पा म्हणाले. "कुठला?"

"इथलाच, अप्पा. नांदेडचा."

"तरी बरा हाय." त्यांनी दुसरा उचलला. मग माझ्याकडं बघून ऐटीत म्हणाले, "म्हणलं न्हवतं का मी, दसऱ्याला पुजलेलं हत्यार कवा वाया जात न्हाई!"

"कोणतं हत्यार?" मी सहज विचारलं. माझं निम्मं लक्ष चहात.

"तुमची ती चपटी पेटी गं. कपाटात ठिवली व्हतीस न्हाई का गेल्या दसऱ्याला? खंडेनवमी आली. दुकान न्हाई, तराजू न्हाई, मापं न्हाईत. पुजायचं काय? जलमभर कवा चुकवलं न्हाई मी. मग म्हणलं, आपल्या लेकीचं अन ह्या पोराचं हत्यार तेच. उघडली पेटी, एकेका चौकटीला विभूती लावली. तीन बोटं बसंनात तिथं, म्हणून एकाच बोटानं तीन रेघा वढल्या. मधल्या पत्र्याला धक्का लागू दिला न्हाई हां, सांगतो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

त्या पेटीत अश्वजितचे टायटॅनियमचे पत्रे होते. पत्रे कसले, कांद्याचा पापुद्रा जाड म्हणावा इतके पातळ. प्रत्येक पत्रा ॲल्युमिनियमच्या छोट्या चौकटीत बसवलेला. दसऱ्याच्या सुट्टीत विभागाची लाइट बंद, दमट हवा त्यांना चालत नाही, म्हणून ती पेटी मीच घरी आणून कोरड्या कपाटात ठेवली होती. सुट्टी संपल्यावर तीच पेटी घेऊन तो दिल्लीला गेला. आता विभूती. आमच्या घरी येते ती पांढऱ्या वडीची, चुनखडीची सख्खी बहीण. चुना म्हणजे कॅल्शियम. आणि कॅल्शियमचा एक्स-रे येतो टायटॅनियमच्या डाव्या अंगाला, जरासा खाली. म्हणजे बरोबर उंचवट्याच्या आसपास.

मी अश्वजितकडं पाहिलं. मला वाटलं, त्याच्या पायाखालची जमीन सरकली असेल. पण तो दचकला नव्हता. विसरलेलं काही आठवावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दिल्लीत पेटी उघडली तेव्हा चौकटीवर पांढरं दिसलं होतं, म्याडम." त्याचा आवाज खाली गेला. "मी फडक्यानं पुसून टाकलं. परत कधी ध्यानातच आलं न्हाई."

"पुसलं तर पुसलं," अप्पा समजुतीनं म्हणाले. "पूजा झाली की झाली. त्यात काय एवढं?"

मी चप्पल घातली. "चल," एवढंच म्हणाले. रविवार असला तरी विभागाची किल्ली माझ्याकडं असते.

दिल्लीत वापरलेल्या चौकटी त्यानं जपून ठेवल्या होत्या. आमच्याकडं एक जुनं यंत्र आहे, ते आयन मारत नाही, सौम्य एक्स-रे टाकून वस्तूत काय काय आहे ते सांगतं. त्यात पहिली चौकट ठेवली. थोड्या वेळानं पडद्यावर टायटॅनियम आला, आणि त्याच्या डावीकडं दोन बारीक सुळके, एक मोठा, एक धाकटा, अगदी पुस्तकात छापल्यासारखे आपल्या जागेवर. कॅल्शियम. दुसरी चौकट ठेवली. तेच. तिसरी ठेवायची गरज नव्हती, तरी त्यानं ठेवली.

"पण मग तेव्हा ओळखू का नाही आला?" मी पडद्याशी बोलल्यासारखं बोलले. उत्तर मलाही माहीत होतं, त्यालाही. सौम्य एक्स-रे अणूतला एकच इलेक्ट्रॉन काढतो, बाकीचे जागच्या जागी असतात, म्हणून अणूचा सूर ठरलेला लागतो. जड आयनाची धडक तशी सभ्य नसते. आतल्या एकाबरोबर आजूबाजूचे बरेच जातात, उरलेल्यांवर केंद्राची पकड आवळते आणि सूर जरा वर चढतो. दिल्लीत कॅल्शियमचे दोन्ही सुळके आपली जागा सोडून वर सरकले होते, पसरले होते, एकमेकांत मिसळले होते. म्हणून ते कॅल्शियम वाटलेच नाहीत. ज्या गोष्टीवर आम्ही संशोधन करत होतो त्याच गोष्टीनं आम्हाला फसवलं होतं. आणि तो आलेख मीही कितीदा न्याहाळला होता. माझ्या तरी कुठं ध्यानात आलं?

"पुसताना भुकटी पत्र्यावर पडली असंल," अश्वजित म्हणाला. "उंचवटा गेला, म्याडम."

"गेला."

त्यावर आमचं दुमत नव्हतं. चुना शोध म्हणून विकायचा, हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही, आणि याचा मला आजही आनंद आहे. पण राग मात्र यायला लागला होता. आला की तो मला थांबवता येत नाही.

"फोन करायला काय झालं होतं तुला? दिल्लीत पेटी उघडलीस, पांढरं दिसलं, लगेच विचारायचं, म्याडम, हे काय आहे म्हणून! आपण दुसरे पत्रे बनवले असते. वर्ष वाचलं असतं रे! अरे, तू काय बालवाडीतला आहेस?"

तो खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, नेहमीसारखा गप्पच बसेल. पण तो बोलला.

"मला कळलं होतं ते काय हाय. तीन रेघा, दुसरं काय असणार? काय विचारायचं होतं मी? तुमच्या घरचं देवाचं. ह्यानं माझं काम बिघडतंय असं म्हणलो असतो, तर अप्पांना काय वाटलं असतं? ह्या पोराला आपल्या विभूतीचं वावडं हाय, असंच वाटलं असतं की न्हाई?"

"माझ्या घरात तुला असं कुणी कधी म्हटलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुणीच न्हाई, म्याडम. म्हणून तर जपून राहिलो."

मला त्याचं बोलणं लागलं, आतपर्यंत लागलं. चार वर्षं ज्याला मी घरचा म्हणत होते, तो चार वर्षं माझ्या घरात पाऊल जपून टाकत होता. ताट उचलून ठेवताना, अप्पांच्या देवघरासमोरून जाताना, काय बोलायचं, काय नाही ते तोलत. आणि मला पत्ता नाही. मला वाटायचं, पोरगं अबोल आहे. काय सांगू, त्या क्षणी मला त्याच्या गालावर एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून बसले.

"बुधवारी काय करायचं?" मी विचारलं.

"त्यांना आजच कळवतो. भाषणात सगळं दाखवतो, जुना आलेख अन हा नवा."

"दाखव. पण नमुना दूषित झाला होता, एवढंच म्हण. कशानं, कुणी, याच्यात शिरायची गरज नाही. असं सगळीकडं होतं. आणि अप्पांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? अरे, आयुष्यभर त्या माणसानं ज्याला हात लावला ते चांगलं होतं, असं मानलं. आता दुकान नाही, आई नाही, तुझं कौतुक करण्यात त्यांचा दिवस जातो. त्यांच्याच हातानं तुझी जागा गेली हे कळलं तर ते मोडून पडतील. तू इथं नसतोस रात्रंदिवस, मला त्यांच्यासोबत राहायचंय!"

त्यानं यंत्र बंद केलं, चौकट काढली, डबीत ठेवली. सगळं सावकाश. मग म्हणाला, "मी एकदा गप्प बसलो त्याचं हे झालं, म्याडम. आता परत बसू का?"

मी चिडले. "कर तुझ्या मनाला येईल ते," असं म्हणून किल्ल्या उचलल्या.

सोमवारी संध्याकाळी तो आला. अप्पा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी आत स्वयंपाकघरात, पण कान सगळे बाहेर. "जय भीम, अप्पा." "शरणु, ये बाबा. बस." तो त्यांच्यासमोर खालीच बसला आणि शेंगा फोडायला लागला. मला वाटलं, झालं, आता हा काही बोलत नाही. भाकरी थापता थापता मी देवाचे आभार मानले.

"अप्पा," तो म्हणाला, "तुम्ही पेटीला विभूती लावली व्हती, तिच्यातला चुना माझ्या पत्र्यावर पडला. मला जे नवीन सापडलं म्हणत व्हतो, ते नवीन न्हवतं. तो चुनाच व्हता."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"म्हंजे?"

त्यानं नीट समजावून सांगितलं. अणू, आयन असलं काही न बोलता. आम्ही पत्र्यातून निघणारा उजेड बघतो, त्यात चुन्याचा उजेड मिसळला आणि मी तो टायटॅनियमचा समजलो, असं. अप्पांनी आयुष्यभर भेसळीचं सिमेंट आणि खरं सिमेंट बोटांनी ओळखलं होतं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"मग तुझं जर्मनी?"

"बहुतेक न्हाई जमायचं आता."

"माझ्यामुळं."

"तुमच्या विभूतीमुळं. अन माझ्यामुळं. मी ती बघितली व्हती, अप्पा. दिल्लीत. पुसली अन गप बसलो."

मी पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिले. अप्पांच्या कपाळावरच्या तीन रेघा आणि त्याखालचे डोळे, दोन्ही माझ्याकडं नव्हते. ते त्या पोराकडंच बघत होते.

"बघितलीस? मग मला का इचारलं न्हाईस?"

"भीड वाटली."

"कशाची?"

अश्वजितला ते अप्पांच्या तोंडावर सांगता येईना. पण अप्पांना सांगावं लागलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरलेलं मला दिसलं. आणि मग माझ्या बापाचा आवाज चढला. जन्मात मी तो आवाज फार कमी वेळा ऐकला आहे. आईच्या रागापुढं त्यांना कधी संधीच मिळाली नव्हती.

"भीड भिकेची भैन असती, पोरा! अरे, गोलाईतलं गिऱ्हाईक, ज्याचं माझं नातं न्हाई गोतं न्हाई, त्येला वाकडा खिळा दिला तर ते दारात यून मला शिव्या द्यायचं. शिव्या! अन तू माझ्या ताटात जेवतूस, माझ्या उशाला बसून मोबाइल शिकवतूस, अन मी तुझं काम नासवलं तरी तुला तोंड उघडाया भीड वाटती? मग तू आमचा कोण? पाव्हणा? परका?"

अश्वजितच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही. अप्पा भिंतीला हात लावून उठले आणि आत खोलीत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. अश्वजितही न जेवता गेला. मी सगळ्या भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि एकटीच बसून राहिले.

मंगळवारचा दिवस अप्पांनी न बोलता काढला. सकाळी अंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, सगळं रोजच्यासारखं. फक्त शब्द नाही. मी दोनदा भांडण काढून पाहिलं. मीठ कमी झालं का, विचारलं. पंखा लावू का, विचारलं. त्यांनी मान हलवली. सरजाबाईचा फोन आला होता म्हणे अश्वजितला; त्यानं आईलाही खरं ते सांगून टाकलं होतं. तिनं एवढंच विचारलं की म्हातारबाबांनी मनाला लावून घेतलं का. हे त्यानं मला मेसेजमध्ये लिहिलं, आणि मी त्यावर काय उत्तर द्यावं ते न सुचून फोन पालथा ठेवला.

बुधवारी विभागात लाइटचं काम निघालं. घरी इन्व्हर्टर आहे, म्हणून भाषण माझ्या बैठकीतच ठरलं. अश्वजित इस्त्रीचा शर्ट घालून आला. टेबल, लॅपटॉप, पाठीमागं पांढरी भिंत. मी समोरच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. सुरू व्हायच्या जरा आधी आतलं दार वाजलं. अप्पा. धुतलेलं धोतर, टोपी.

"मी हितं बसलो तर चालंल का?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्याला.

"बसा की, अप्पा," तो म्हणाला.

त्यानं भाषण फार छान केलं. माझा विद्यार्थी आहे म्हणून नाही, खरंच सांगते. आतली जागा कशी रिकामी होते, ती भरताना काय होतं, जड आयनानं अणू कसा विस्कटतो, सगळं सावकाश, न अडखळता. मग तो मोठा आलेख लावला आणि म्हणाला, हा उंचवटा पाहून तुम्ही मला बोलावलं. मग दुसरा लावला आणि म्हणाला, हा कॅल्शियम आहे. पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे चेहरे पुढं झुकले. त्यांना आधी कळवलं होतं, तरी झुकले.

तिथल्या मुख्य प्राध्यापकबाई सभ्य होत्या. त्यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. वर सरकलेला कॅल्शियम ओळखणं सोपं नव्हतं, म्हणाल्या. तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे मी लक्षात ठेवीन, म्हणाल्या. पण ही जागा त्या उंचवट्याच्या पुढच्या कामासाठी होती, आणि आता ते कामच राहिलेलं नाही, तेव्हा या वेळेला आम्हाला थांबावं लागेल. स्वच्छ पत्र्यांवर पुन्हा मोजमाप करा आणि मला लिहा. कितीही साखर पेरली तरी नकार तो नकारच. अश्वजितनं त्यांचे आभार मानले.

संपलं असं वाटत असतानाच त्यांच्यातल्या एका तरुण माणसानं हात वर केला. सहज कुतूहल, म्हणाला. हा चुना चौकटीवर आला कुठून? प्रयोगशाळेत चुना कोण आणतं? दोन-तीन चेहरे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण हसले.

मी टेबलाआडून अश्वजितला हातानं खूण केली. सोडून दे. माहीत नाही म्हण. त्यानं माझी खूण पाहिली. मग तो सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "माय ग्रँडफादर."

आणि पुढं, इंग्रजीतच, त्यानं सांगितलं की आमच्या घरी वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात. आजोबांनी माझं भलं व्हावं म्हणून माझ्या हत्यारांची केली. मी ते पाहिलं आणि त्यांना विचारलं नाही; चूक ती आहे. समोर कुणी हसलं नाही. प्राध्यापकबाई म्हणाल्या की तुमच्या आजोबांना आमचा नमस्कार सांगा, आणि मग पडदा काळा झाला.

अप्पा माझ्याकडं झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ग्रँडफादर म्हंजे आज्जाच की गं?"

"हाव, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. घसा खाकरला. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते त्याला नावानं हाक मारून बोलले.

"अश्वजित, आता नवे पत्रे करशील न्हवं?"

"करणार की."

"मग त्या पेटीला विभूती लावू का?"

अश्वजितनं लॅपटॉप मिटला, त्यांच्याकडं तोंड केलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "न्हाई, अप्पा. अजिबात लावायची न्हाई. पेटीला हातसुद्धा लावायचा न्हाई."

"हां!" अप्पा म्हणाले, आणि हसून त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं घरच्यावानी बोललास! चल, भूक लागली मला. उठ, ताटं घे."

अश्वजित उठला आणि ताटं घ्यायला आत गेला.